'ॲक्वीहायर'ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ (चोपडा)
एका लेखाचं मराठी करतोय, अडलोय. ऑनलाइन दुकानदारी सुधारायला कंपन्या नेमकी माणसं कशी मिळवतात, हा विषय. २०११ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीने कॉस्मिक्स ही छोटी कंपनी घेतली, ती मुख्यतः तिथल्या इंजिनियरांसाठी. त्यातून वॉलमार्टलॅब्ज ही तंत्रज्ञान शाखा उभी राहिली आणि २०१२ मध्ये वॉलमार्टच्या साइटला 'पोलारिस' हे नवं शोधयंत्र मिळालं. अशा खरेदीला ॲक्वीहायर म्हणतात. मी 'गुणवंत-संपादन' लिहिलं. बायको म्हणाली, दहावीचा निकाल लागला का?

अमळनेरकर
वहिनींचं बरोबर आहे. गुणवंत म्हटलं की शाल, नारळ आणि आमदारांचं भाषण. 'तज्ञ' घ्या.

शुद्धमती
तज्ज्ञ. तत् + ज्ञ. दोन ज.

अमळनेरकर
ताई, दोन घ्या, तीन घ्या. शब्द चालतो का ते सांगा.

जुनी पेठ
तज्ज्ञ समितीत असतो, काम कसबी माणूस करतो. 'कसबी माणसं' लिहा. सराफ बाजारात आम्ही 'कारागीर फोडला' म्हणतो, पण तो एकटा फुटतो. इथे अख्खी पेढीच घेतली.

शुद्धमती
कसब अरबी आहे, मूळ अर्थ कमाई. शिवाय 'कसबीण'चा अर्थ माहीत आहे ना? 'कौशल्यधर' म्हणावं.

जुनी पेठ
मग दुकान आणि बाजारही परत करा, तेही बाहेरूनच आलेत. कौशल्यधर अशी हाक मारली तर आमच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही.

आखाजी
काय भो, शब्द घरातच आहे. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जुना सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी) सुटतो, नवा लागतो. उचल (आगाऊ रक्कम) किती, धान्य किती, सगळं त्याच दिवशी ठरतं. कंपन्यांचा जॉइनिंग बोनस म्हणजे उचलच. आणि शेअर? ॲमेझॉनची गाजलेली पद्धत बघा: कबूल केलेल्या शेअरपैकी पहिल्या वर्षी हातात ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, उरलेले ८० तिसऱ्या-चौथ्या वर्षात. मधेच साल मोडलं तर नुकसान कोणाचं? ॲक्वीहायर म्हणजे सालदारासकट शेत घेणं.

अमळनेरकर
उचल फेडावी लागते. बोनस फेडतो का कोणी?

आखाजी
वर्षाच्या आत सोडून बघा. बऱ्याच कंपन्या परत मागतात.

निंबाची सावली (साक्री)
माझे आजोबा सालदार होते. उचल फिटायची नाही म्हणून पुढचं साल त्याच मालकाकडे. कोटीचं पॅकेज घेणाऱ्याला तो शब्द लावू नका. कॉस्मिक्सचेच दोन संस्थापक घ्या, वेंकी हरिनारायण आणि आनंद राजारामन. त्यांची आधीची 'जंगली' नावाची कंपनी १९९८ मध्ये ॲमेझॉनने घेतली, नंतर कॉस्मिक्स वॉलमार्टने, आणि २०१२ मध्ये दोघं वॉलमार्टमधूनही बाहेर. कोणत्या सालदाराला असं जाता आलं? माणसं काही विकत मिळत नाहीत, फक्त थोडे दिवस थांबतात. 'खरेदी' हाच शब्द खोटा आहे.

तापीकाठ
हा मुद्दा लेखात घेतो. पण मथळ्याला काय लिहू?

जुनी पेठ
'माणसांसाठी कंपनी घेणं'. सरळ.

शुद्धमती
ती व्याख्या झाली, शब्द नव्हे.

बोरीकाठची सून
मधेच बोलते. माझं माहेर जालन्याकडचं, तिथे साल पाडव्याला सुटतं. आखाजीला कसं? तोवर महिना फुकट जातो.

आखाजी
फुकट कसा? आमचं साल आखाजी ते आखाजी. चैत्रात कोण शेतात असतं?

बोरीकाठची सून
हळद काढणारे असतात की! माझ्या काकांकडे तर पाडव्याच्या आदल्या रात्रीच बोलणी व्हायची.

अमळनेरकर
आणि सालदार 'लागतो' म्हणायचं की 'राहतो'? आमच्या घरी 'राहतो'.

आखाजी
राहतो तो भाडेकरू!