मे महिन्यात इंदूरला डोहाळजेवण: काय वाढावं, काय नेसवावं?

रामबाग_इंदूर (प्रश्न)

धाकट्या जावेला सातवा लागतोय. डोहाळजेवण मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारचं, घराजवळच्या हॉलमध्ये, पन्नास-साठ माणसं. सासूबाईंच्या मनात पाच प्रकारचे भात, आमरस, दहीवडे, मटकीची उसळ, कोशिंबिरी असा बेत आहे. रात्री पाहुण्यांबरोबर सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, चक्कर. नेसायला जरीची हिरवी पैठणी, वर फुलांचे दागिने. जावेला ॲसिडिटीचा त्रास आहे, संध्याकाळी पावलं सुजतात, बाकी तपासण्या ठीक आहेत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चालू आहे. यातलं काय ठेवावं, काय बदलावं? पपई आणि तिळावरून घरात दोन तट पडलेत, तेही सांगा.

पोषण_सल्ला

ताई, तुमच्या यादीतला एकही पदार्थ मुळात वर्ज्य नाही. अडचण आहे ती वेळेची. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. एरवी दोन तासांची मुभा धरतात; हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मेमध्ये इंदूरचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा तुम्ही एक तासच धरून चाला.

सगळ्यात जास्त जपायचं ते भाताला. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून पाच भात सकाळी सातला करून दीडला वाढणं नको. मसालेभात, साखरभात आणि नारळीभात पंगतीच्या आधी तासाभरात उतरतील असं बघा आणि झाकणाच्या गरम डब्यात ठेवा. वाढताना वाफ दिसली पाहिजे. लिंबूभातही त्याच वेळी करा. दहीभाताचा भात उथळ परातीत पसरून लवकर निववा, लगेच फ्रिजात ठेवा आणि थंड दही पंगत बसताना कालवा.

आमरसाचे आंबे आदल्या रात्री धुऊन फ्रिजात ठेवा आणि रस पान मांडताना काढा. दूध घालणार असाल तर उकळून गार केलेलंच घ्या. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, पण गवळ्याचं कच्चं दूध नीट उकळल्याशिवाय कशातही वापरू नका. दहीवड्याचे वडे आधी तळले तरी चालतील, मात्र भिजवायचं पाणी उकळून गार केलेलं हवं आणि दही शेवटच्या क्षणी घाला. मटकी पूर्ण शिजू द्या. मोड येताना जो ओलावा आणि ऊब लागते तीच जंतूंनाही मानवते, त्यामुळे कच्चे मोड तिच्या पानात नकोत. काकडी, गाजर, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि कोशिंबीर पंगतीच्या आधी अर्ध्या तासात चिरा.

एवढी काळजी का, तर गरोदरपणात लिस्टेरियाचा संसर्ग सहज होतो आणि तो जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो. आईला नुसता ताप आणि अंगदुखी जाणवते, पण बाळावर बेतू शकतं.

पपईचं सांगते. कच्च्या आणि अर्धवट पिकलेल्या पपईत चीक असतो, ती टाळा. पूर्ण पिकलेली, केशरी, चीक नसलेली पपई नेहमीच्या प्रमाणात चालते. तीळही स्वयंपाकातल्या प्रमाणात खुशाल खाऊ द्या, त्यांत कॅल्शियम चांगलं असतं.

मालवा_नमकीन

एवढी धावपळ कशाला? सगळं सकाळी हलवायाकडून आणवा आणि वाढताना गरम करा.

पोषण_सल्ला

वरण, उसळ, भाजी यांना ते चालेल, पण उकळी फुटेपर्यंत गरम करा, नुसतं कोमट नको. भाताला मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण वर सांगितलंच. नारळाची चटणी, दही आणि खव्याचं ओलं काही बाहेरून आणायचं असेल तर पंगतीच्या तासभर आधी आणा, पाच तास आधी नाही. पेढा-बर्फीची वाटी उघडायचा खेळ असतो, त्यासाठी ताजा कोरडा पेढा घ्या.

तिच्या पानात एकदम सगळं वाढू नका. थोडं आधी, थोडं दोन तासांनी, असं दिलं तर ॲसिडिटी आवरते. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये. फसफसणाऱ्या सोड्याच्या पुड्या परस्पर देऊ नका, त्यांत सोडियम बरंच असतं. औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.

शिवण_सुदामानगर

खाण्याचं झालं, आता नेसायचं. पैठणीपेक्षा मला खरी काळजी परकराची वाटते. भारी साडी म्हटलं की ती सुटू नये म्हणून नाडी करकचून आवळली जाते. पोटाच्या वर बांधली तर बरगड्यांखाली दाब येतो, ॲसिडिटी चाळवते आणि साडी पुढून वर उचलली जाते. खाली बांधली तर जरीच्या वजनाने घसरते आणि ती सारखी कमरेशी हात लावत बसते.

यावर उपाय म्हणजे परकर बंडीला जोडायचा. साधी सुती बिनबाह्यांची बंडी छातीखाली कापा आणि तिथे सुती परकर शिवा. पुढे मध्यभागी, पोटावर, जुन्या चांगल्या टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा साधारण १० इंच रुंद तुकडा बसवा. वजन खांद्यांवर जातं आणि पोटावर काहीच आवळलं जात नाही. साडी खोचायला पोटाच्या खाली, ओटीपोटाच्या रेषेत, दीड-दोन इंच रुंद मऊ इलॅस्टिक बाहेरून शिवून घ्या. ते सैल असावं, खाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. निऱ्या पाच-सहाच घाला, जाड निऱ्यांचा गठ्ठा पुढे येऊ देऊ नका. एक पिन आतून परकराला लावा, टोक बाहेरच्या बाजूला राहील अशी. साडी जमिनीपासून इंचभर वर ठेवा, म्हणजे पायात अडकणार नाही. बाजारात मिळणारा अंगाबरोबरचा घट्ट तयार परकर अजिबात नको.

ब्लाऊजचं माप आता घेऊन ठेवू नका. छाती आणि बरगड्यांचा घेर या दिवसांत वाढत असतो. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी घ्या आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दीड इंच कापड सोडा. मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच खोल, हूक पुढे, अस्तर मलमलचं. पॉलिस्टरच्या अस्तराने काखेत आणि छातीखाली घामोळं उठतं. पुढे हूक असले की हेच ब्लाऊज बाळंतपणानंतर दूध पाजतानाही वापरता येतं.

सासूबाई राजी असतील तर पैठणीऐवजी हिरवी महेश्वरी सुचवा. रेशीम-सुताची असते, अंगावर हलकी, आणि अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने वाढलेलं विणकाम आपल्याकडचंच. पैठणीच हवी असेल तर ओटी भरताना आणि फोटोपुरती नेसवा, जेवायला सैल सुती कुर्ता. खरं तर मला हाच मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात तिला दोन-तीन तास पैठणीत घामाघूम बसावं लागत नाही.

हिरवा चुडा एक माप मोठा घ्या, दोन-चार बसत असेल तर दोन-सहा. सुजलेल्या हातावर काचेच्या बांगड्या ओढून चढवू नयेत. अंगठ्या आदल्या दिवशीच काढून ठेवा. फुलांचा कमरपट्टा वगळा आणि वाडीत, म्हणजे फुलांच्या दागिन्यांत, टाचण्या नकोत, दोऱ्याने बांधा. मेंदी साधी चालते. झटपट काळा रंग देणारी नको, तिच्यात त्वचा भाजणारं रसायन असू शकतं.

परिचारिका_एमपी

संध्याकाळी पावलं सुजणं या महिन्यांत नेहमीचं आहे. हॉलमध्ये खुर्चीजवळ पाय टेकायला पाट ठेवा आणि तिला सलग उभं करू नका. चपला मागे पट्टा असलेल्या, टाच जास्तीत जास्त इंचभर. पण चेहरा किंवा हात अचानक सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधुक दिसलं किंवा छातीखाली उजवीकडे दुखलं तर कार्यक्रम तिथेच थांबवून बी. पी. तपासायला न्या. रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं आणि ताप, यांतही वाट बघत बसायचं नाही. गाडी नसेल तर १०८.

गोळ्यांचं वेळापत्रक त्या दिवशी मोडू देऊ नका. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, लिंबूपाणी चालेल. दिवसभरात कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत असावं. दीडशे मिलीच्या चहाच्या कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे पाहुण्यांबरोबरचे कप मोजा. साखरेची तपासणी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती, २४ ते २८ आठवड्यांत झाली आहे ना? आकडा १४० किंवा त्याहून वर असेल तर आमरस आणि साखरभाताचा बेत डॉक्टरांना विचारून बदला.

रामबाग_इंदूर

तपासणी झाली आहे, आकडा ११२. मग सराफ्याचं काय करू? ती स्वतःच हट्ट धरून बसलीय.

पोषण_सल्ला

आकडा छान आहे. सराफ्यात खाणं रंगतं ते सोन्याची दुकानं बंद झाल्यावर, रात्री उशिरा, गर्दीत, उभ्याने. दिवसभर कार्यक्रम झाल्यावर तिला ते झेपणार नाही आणि खाऊन लगेच झोपणं आलंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लवकर छप्पन दुकान या खाऊगल्लीत न्या, तिथे बसायला मिळतं. डोळ्यांसमोर कढईतून निघालेलं, हाताला चटका बसेल असं खाऊ द्या: भुट्ट्याचा कीस, गरम जिलबीचं एखादं वेढं. पोहे वाफेवरच्या भांड्यातून वाढलेले ठीक, वर जिरावण मसाला चिमूटभर, पण चिरून ठेवलेला कच्चा कांदा नको. पाणीपुरीचं पाणी, पातळ चटणी, बर्फ घातलेली शिकंजी, उघडी रबडी आणि कापलेली फळं यांतलं काहीही नको. प्यायला घरचं उकळलेलं पाणी बाटलीतून न्या.

शिवण_सुदामानगर

आणि गाडीत पट्टा लावायला सांगा. खालचा भाग पोटाखालून मांड्यांवर, तिरका भाग दोन स्तनांच्या मधून. कुर्ता असेल तर पट्टा सरळ बसतो, निऱ्यांवरून तो वर सरकून पोटावर येतो.