मेंदूच्या पाण्यात २१० पेशी : त्या आत शिरल्या कुठून, आणि मग स्टिरॉइड का?

बार्शीची_बाई
सोमवार, रात्री ११.४०

माझ्या धाकट्या दिराला मेंदूच्या आवरणाचा टीबी निघालाय. वय २६. तीन आठवडे ताप आणि डोकेदुखी होती. टायफॉइड समजून सलाइनं लावली. मग एक दिवस तो स्वतःच्या आईलाच ओळखेना, तेव्हा सोलापूरला हलवला. पाठीतलं पाणी काढलं, म्हणजे मेंदूभोवतीचंच पाणी, ते कण्यातही उतरलेलं असतं. त्या दिवशी तिथली लॅब बंद होती, म्हणून नळी घेऊन मीच रिक्षाने बाहेरच्या लॅबमध्ये गेले. शटर उघडेपर्यंत दोन-अडीच तास पायरीवर बसून होते, नळी रुमालात गुंडाळून मांडीवर. रिपोर्ट असा : पांढऱ्या पेशी २१०, त्यात लिम्फोसाइट या जातीच्या ८५ टक्के, साखर २८, प्रोटीन १८०. सीबीनॅटमध्ये, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत, टीबी आला. टीबीच्या गोळ्या चालू झाल्यात आणि सोबत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन.

घरात वाद आहे तो या इंजेक्शनवरून. सासूबाईंना मेडिकलवाल्याने सांगितलं की स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती मरते. त्या म्हणतात, जंतू आत असताना आपलेच शिपाई का मारताय? मी आठवीला विज्ञान शिकवते, पण मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टर "सूज उतरते" एवढंच म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

बीएस्सीला शिकले होते की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये अडथळा असतो, बरीचशी औषधंसुद्धा पलीकडे जात नाहीत. मग औषधाच्या कणापेक्षा हजारो पट मोठी पांढरी पेशी कशी गेली? आणि गेली ती कामासाठीच ना? मग तिला अडवायचं कशाला?


न्यूबॉअर_मावशी
मंगळवार, सकाळी ६.१५

बाई, आधी आकडा समजून घ्या. मी एकतीस वर्षं ही पाणी मोजली, आता घरी असते. २१० हा आकडा एका घन मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या डोक्यावर मावेल एवढ्या थेंबाचा. मोठ्या माणसात हे पाणी साधारण दीडशे मिलिलिटर असतं. करा गुणाकार : तीन कोटी पंधरा लाख. निरोगी माणसात थेंबाला पाचपर्यंत चालतात, तरी साडेसात लाखांपर्यंत जातात. म्हणजे काही झालेलं नसतानाही तिथे गस्त असतेच. पुढचं जाणकार सांगतील. मला काच कळते, मेंदू नाही.


काचपट्टी
मंगळवार, दुपारी १.०५

ताई, मी इस्लामपूरचा. परदेशातल्या एका लॅबमध्ये साडेचार वर्षं उंदरांच्या मेंदूत फिरणाऱ्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) बघत बसलो होतो. अंधारी खोली, लेझर, आणि रात्री दोनला डब्यातला गार भात. त्यामुळे हा विषय निघाला की मी लांबड लावतो. सहन करा.

"अडथळा" हा शब्दच घोळ करतो. ऐकलं की भिंत दिसते. खरं तर जुन्या वाड्याची देवडी डोळ्यांसमोर आणा. दिंडीदरवाजातून आत आलात म्हणजे माजघरात पोचलात असं नाही. देवडीवर बसायचं, कोण, कुठले, काय काम ते सांगायचं, मग पुढे.

पहिलं दार रक्तवाहिनीचं. पेशी केशवाहिनीतून बाहेर पडत नाहीत. केशवाहिन्यांच्या लगेच पुढे ज्या बारीक शिरा लागतात तिथून पडतात. संसर्ग झाला की या शिरांच्या आतल्या अस्तरावर आकडे उगवतात, त्यातल्या एकाचं नाव व्हीकॅम-१. टी पेशीच्या अंगावर त्याला अडकणारी कडी असते, अल्फा-४ इंटिग्रिन. रक्ताच्या धारेत वाहणारी पेशी अडकते, गडगडते, थांबते, आणि मग रांगायला लागते. २००९ साली उंदरांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे पांढऱ्या रॅटच्या, मेंदूवरच्या आवरणात हे जिवंत टिपलं गेलं. तिथे टी पेशी बहुतेक वेळा धारेच्या उलट दिशेने रांगत होत्या. ती फिल्म पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला पुरात नदी चढणारे मासे आठवले. रांगत रांगत फट सापडली की अंग चपटं करून पेशी पार होते. आकाराने मोठी असली तरी ती जिवंत आहे, औषधाचा कण नाही. तो वाहत जातो, ही वाट काढते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण पार होऊन ती पोचते फक्त देवडीवर. शिरेभोवती एक अरुंद पोकळी असते, आणि पोकळीच्या पलीकडे तारापेशींच्या (मेंदूतल्या चांदणीच्या आकाराच्या आधारपेशींच्या) पावलांनी बनलेला दुसरा पडदा. पोकळीत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, बसलेले असतात, ते जंतूचे तुकडे हातात धरून दाखवतात. टी पेशीने तुकडा ओळखला तर ती चेतते आणि पुढे जाऊ शकते. दुसरा पडदा ओलांडायला तो कातरणारी विकरं लागतात. पुष्कळ पेशी देवडीवरच राहतात. टीबीच्या मेंदूज्वरात तर मुख्य गर्दी आवरणांत आणि पाण्यातच असते. मावशींनी काढलेले तीन कोटी हे अंगणातले लोक आहेत, माजघरात किती गेले ते नळी सांगत नाही.

माजघरात काय चालतं ते मी टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण झालेल्या उंदरांत पाहिलंय. निरोगी मेंदूत पेशीला चालायला वाट अशी नसतेच, सगळं दाटीवाटीने भरलेलं. फिलाडेल्फियाच्या एका गटाने २००९ मध्ये दाखवलं की संसर्ग झालेल्या मेंदूत धाग्यांचं जाळं तयार होतं, कुठलाही रंग न घालता लेझरखाली चमकणारं, आणि टी पेशी त्याच्या कडेकडेने चालतात. त्याच गटाचं २०१२ चं काम मला जास्त आवडतं. परजीवीच्या गाठी मेंदूत इकडेतिकडे विखुरलेल्या, पत्ता कुणालाच माहीत नाही. मग पेशी शोधते कशी? शेळी चुकली की आमचा गडी शोधायचा तशी. एका ओघळीत झुडूप न् झुडूप बघायचं, नाही दिसली की तरातरा लांबची टेकडी गाठायची, तिथे पुन्हा झुडपं. बऱ्याच छोट्या फेऱ्या आणि मध्येच एखादी लांब. गणितात याला लेव्ही चाल म्हणतात. सीएक्ससीएल-१० नावाचा रासायनिक इशारा अडवला तर पेशी मंदावल्या, पण चालीची तऱ्हा तीच राहिली. म्हणजे हा इशारा दिशा दाखवत नव्हता, चाबूक ओढत होता! वेग म्हणाल तर मिनिटाला पाच-दहा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), जवळपास स्वतःच्या अंगाएवढा.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो चुकीचा नाही, आणि त्यांना वेड्यात काढू नका. शिपाई येतात तेव्हा एकटे येत नाहीत. शिरा पाझरायला लागतात, पाणी साचतं. मेंदूच्या तळाशी चिकट साका जमतो. त्यातून जाणाऱ्या धमन्या सुजून बंद पडल्या तर लकवा, पाण्याची वाट बुजली तर डोक्यात पाणी तुंबतं. पोटात सूज आली तर पोट फुगेल, कवटी फुगत नाही. डेक्सामेथासोन शिरांचा पाझर कमी करतं आणि बोलावणी धाडणारे इशारे दाबतं. जंतू मारायचं काम गोळ्यांचं. २००४ मध्ये व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर याची चाचणी झाली. सगळ्यांना टीबीची औषधं होती, निम्म्यांना सोबत डेक्सामेथासोन. नऊ महिन्यांत स्टिरॉइडवाल्यांत ३२ टक्के दगावले, बाकीच्यांत ४१ टक्के. मागे राहणारं अपंगत्व मात्र कमी झालं नाही, हेही सांगायला हवं. आणि हे इंजेक्शन घरच्यांनी मनाने बंद करायचं नसतं, डॉक्टर ते पायरीपायरीने उतरवतात.


सातारी_कंदी
मंगळवार, रात्री ९.२०

गर्दीच नडते तर दिंडीलाच कडी घालणारं औषध का नाही काढत? स्टिरॉइडचा सगळ्या अंगाला त्रास कशाला?


काचपट्टी
मंगळवार, रात्री १०.५०

काढलंय की. नॅटालिझुमॅब. ती अल्फा-४ कडीच झाकून टाकतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासाठी, कारण तिथे जंतू नसताना शिपाईच घर फोडतात. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये विक्री थांबवावी लागली. पुष्कळांच्या अंगात जेसी नावाचा विषाणू गपगुमान पडून असतो. गस्त बंद झाल्यावर काही रुग्णांत तो मेंदूत उठला आणि जीव गेले. २००६ मध्ये कडक अटींवर औषध परत आलं. त्याहून विचित्र म्हणजे, असा रुग्ण सापडला की औषध धुऊन काढतात, दार उघडतं, आणि अडून राहिलेल्या पेशी एकदम आत लोटून पुन्हा सूज येते. त्या सुजेवर काय देतात? स्टिरॉइड.

रेबीजमध्ये उलटं. तिथे विषाणू एवढा चोरपावलांनी चढतो की दार उघडतच नाही, आणि पेशी रक्तात असूनही बाहेर राहतात. २००७ मध्ये उंदरांत अडथळा मुद्दाम सैल केला, तर जे मरायचे त्यातले काही वाचले. त्यामुळे दार उघडं चांगलं की बंद, असं मला कुणी विचारलं की मी आधी रोगाचं नाव विचारतो.


बार्शीची_बाई
पुढचा मंगळवार, संध्याकाळी ७.३०

सगळ्यांचे आभार. देवडीचं सासूबाईंना पटलं, त्यांचं माहेर वाड्यातलंच. "पाहुणे जेवायला आले ते ठीक, पण सगळे एकदम स्वैपाकघरात घुसले तर भाजी करपणारच," असं त्याच मला सांगत होत्या. इंजेक्शन चालू आहे. भाऊजी परवा आईला नावाने नाही, पण "ए म्हातारे" म्हणाले. घरात सगळे रडले.

पण काल दुसऱ्यांदा पाणी काढलं. या वेळी तिथल्याच लॅबमध्ये. साखर ३९ झाली, पण पेशी २१० च्या २६० झाल्या आणि लिम्फोसाइट ८५ चे ६० टक्के. डॉक्टर म्हणतात काळजी नको, मला झोप नाही. स्टिरॉइड देऊनही गर्दी वाढली?


काचपट्टी
पुढचा मंगळवार, रात्री ८.१०

टीबीत उपचार सुरू झाल्यावर काही दिवस न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींची दुसरी जात) वर जाताना दिसतात, मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांनी अंगण तात्पुरतं खवळतं. साखर चढली आणि माणूस बोलायला लागला, मी असतो तर आधी ते बघितलं असतं. पण तुमच्यासमोर रुग्ण आहे, माझ्यासमोर नाही. डॉक्टरांचंच ऐका.


न्यूबॉअर_मावशी
बुधवार, सकाळी ५.५०

बाई, तुमची पहिली पोस्ट मी आज नीट वाचली, तेव्हा चश्मा नव्हता. अडीच तास नळी मांडीवर? अहो, हे पाणी तासाभरात मोजायचं असतं. त्यात पेशींना खायला काही नसतं, त्या फुटतात. आणि न्यूट्रोफिल सगळ्यांत आधी, दोन तासांत निम्मे गायब. लिम्फोसाइट टिकतात. म्हणजे पहिला २१० मुळात जास्त असणार, आणि ८५ टक्केसुद्धा उरलेल्यांतले. दुसरी नळी ताजी होती. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाढलं-घटलं करू नका. पहिली नळी किती वाजता काढली आणि किती वाजता लॅबने घेतली, ते रिपोर्टवर पेनने लिहा आणि आजच्या राउंडला डॉक्टरांना दाखवा. तुमचा काही दोष नाही, शटर त्यांचं बंद होतं.