सहा महिने हातात आहेत. मोडी लिपी शिकवू की नामस्मरण करू?

ओटीवरची बाई
वय ६३, राजापूर तालुका. अंडाशयाचा कर्करोग यकृतापर्यंत गेलाय. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी मीच नको म्हटली. डॉक्टरांनी "चार-सहा महिने" असं स्पष्ट सांगितलं, बरं केलं.

माझे वडील तलाठी होते. सरकारी कामातून मोडी गेली तरी त्यांच्या बोटांतून गेली नाही. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला आधी ओळभर शिरोरेघ ओढायला लावली, मग अक्षरं तिला टांगायला. गेली वीस वर्षं लोक गहाणखतं, वाटणीपत्रं घेऊन येतात, मी वाचून देते. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून तर ओटी रिकामी नसते. आता गावातली दोघं म्हणतायत, आम्हाला शिकवा. एक बारावी झालेली मुलगी, दुसरा झेरॉक्सवाला.

थोरल्या जाऊबाई म्हणतात, "आता कागद सोड गं, माळ धर." त्या मायेनंच सांगतात. पण माळ घेतली की मन पोटातल्या गाठीकडे जातं आणि भीती वाटते. कागद समोर असला की तासभर भीती आठवतसुद्धा नाही. ही पळवाट आहे का? आणि शिकवणं अर्ध्यात राहिलं तर त्या पोरांवर अन्याय नाही का?

रात्रपाळी
ताई, मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या विभागात, नर्स आहे. आधी वेदनेचं बघा. मॉर्फिन लिहून दिलं असेल तर दुखेपर्यंत थांबू नका, घड्याळाप्रमाणे घ्या. पहिले काही दिवस गुंगी येते, मग बहुतेकांची कमी होते. पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच, ते मागून घ्या. दिवसातला तुमचा चांगला तास कोणता ते आठवडाभर लिहून ठेवा आणि तो शिकवण्याला द्या. भेटायला येणाऱ्यांना दुसरी वेळ सांगा. लोक रागावत नाहीत.

माळकरी, माढा
माउली, आमच्या अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. विठ्ठलाची पालखीच दरवर्षी अरणला येते. तुमचा मळा म्हणजे तो कागद. माझे वडील शेवटच्या आजारात खाटेवरून शेजारच्या पोरांना मृदंगाचे बोल सांगायचे, हात उचलत नव्हता तरी. त्यांना कुणी "आता नाम घ्या" म्हटलं नाही, कारण ते नामच होतं. जाऊबाईंना म्हणावं, त्यांनी शेजारी बसून माळ ओढावी. दोन्ही एका ओटीवर चालेल.

बोरू
मी तीन वर्षं मोडी शिकतोय. लिहायला शिकवण्यात वेळ घालवू नका, वाचायला शिकवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच, शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे नवखा अडतो तो अक्षरावर नाही, शब्द कुठे संपला यावर. ते पुस्तकातून येत नाही, कुणीतरी मोठ्यानं वाचलेलं ऐकावं लागतं. तुम्ही बोट ठेवून वाचा आणि मुलीला फोनवर बोट आणि आवाज दोन्ही टिपू दे. अर्ध्यात राहिलं तरी तेवढं त्यांच्याकडे राहील. आणि आधी एकाच कारकुनाचं अक्षर घ्या, दहा हातांचं नको.

ओटीवरची बाई
सगळ्यांचं वाचलं. माळकरीदादांचं जाऊबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी स्वतःचा पाट ओटीवर आणला.

सकाळी नऊ ते दहा बरं वाटतं, तोच तास ठरवलाय. बोरू, तुमचं ऐकून वडिलांच्या रुमालातले, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तरातले, एकाच हातचे सात कागद वेगळे काढलेत. हे मला सुचलं नसतं.

मुलीनं तिच्या आजीच्या पेटीतल्या गहाणखताचा फोटो पाठवलाय. वर सुहूर सन आहे, म्हणजे जुन्या कागदांवर अरबी अंकशब्दांत लिहिलेलं वर्ष: "समानीन मया व अलफ", ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणजे ११८०. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे की ६००, ते महिन्यावरून ठरतं. म्हणजे १७७९ किंवा १७८०. महिना मला दिसलाय, तिला सांगितलेला नाही. उद्या नऊ वाजता तिलाच वाचायला लावणार आहे.