डी३५०० वर ५० एमएम फोकसच करत नाही, परवा डोहाळजेवण आहे

घोडबंदरची_प्राची:
निकॉन डी३५००, सेकंडहँड घेतलेला. परवा रविवारी ताईचं डोहाळजेवण, नौपाड्यात हॉल. फोटो मीच काढणार म्हणून फोटोग्राफर केलेला नाही. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून काल ५० एमएम लेन्स घेतली. शटर अर्धं दाबलं तरी काही हलत नाही. मधेच एफ-ई-ई असं येतं आणि शटर पडतच नाही. कॅमेरा बिघडलाय का? लवकर सांगा.

खाडीकाठ:
किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येते ती, लावल्यावर फोकस होतो का? आणि ५० एमएम नेमकी कुठली?

घोडबंदरची_प्राची:
१८-५५ व्यवस्थित चालते. नवीन १.८ आहे. दुकानदार म्हणाला निकॉनच्या सगळ्या कॅमेऱ्यांना बसते.

वाशी_क्लिक:
म्हणून मी कॅननच सांगतो. १५००डी घ्या, त्यांच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्या आतच असते. ५० एमएम एसटीएम लावा आणि विसरून जा.

खाडीकाठ:
परवा कार्यक्रम आहे, त्या आज कॅमेरा कुठे बदलतील? आणि १५००डी ला ९ फोकस पॉइंट, सेकंदाला ३ फोटो. डी३५०० ला ११ आणि ५.
प्राचीताई, लेन्सवर १.८ च्या पुढे डी आहे की जी, ते बघा.

घोडबंदरची_प्राची:
डी आहे. मागे आकडे लिहिलेली एक रिंगही आहे, ती फिरते.

जुना_रोलवाला:
मग कॅमेरा ठणठणीत आहे. डी लेन्सला स्वतःची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या बॉडीतल्या मोटरवर चालते. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत ती मोटरच नाही. दुकानदाराने 'बसते' म्हटलं ते खरं, पण फोकस हाताने करावा लागेल हे त्याने सांगायला हवं होतं. एफ-ई-ई येतं ते त्या रिंगमुळे. ती २२ वर नेऊन लॉक करा, मग अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र, कॅमेऱ्यातूनच बदलेल.

ऐरोलीकर७:
लेन्स जुनी असेल तर आत फंगस बघून घ्या. पावसाळ्यात माझ्या दोन लेन्स गेल्या. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

घोडबंदरची_प्राची:
रिंग २२ वर नेली, शटर पडलं! पण हाताने फोकस मला जमणार नाही. लेन्स परत करू का?

सीवूड्स_पक्षी:
परत करून ७०-३०० एएफ-पी घ्या. भरतीला खाडीतला चिखल बुडला की फ्लेमिंगो नेरूळच्या तळ्यांवर येतात, तिथे ३०० चं ४५० सारखं दिसतं.

वाशी_क्लिक:
डोहाळजेवणाला ३०० एमएम? दादा, धागा वाचा ना.

जुना_रोलवाला:
परत करता आली तर करा आणि ३५ एमएम १.८ जी घ्या. तिच्यात मोटर आहे. शिवाय या छोट्या सेन्सरवर ५० चं ७५ सारखं होतं, म्हणजे चौकटीत कमी मावतं, ओटी भरताना बायकांचा घोळका पूर्ण मावणार नाही. नाही मिळाली तर हीच वापरा. व्ह्यूफाइंडरमध्ये डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. रिंग सावकाश फिरवा, ठिपका स्थिर झाला की दाबा. १.८ वर डोळा स्पष्ट आणि गजरा पुसट होतो, म्हणून अ‍ॅपर्चर २.८ ठेवा. शटर १/१२५, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त न्या.

खाडीकाठ:
झोपाळ्याचे फोटो समोरून काढू नका. झोका पुढेमागे जातो, हाताने फोकस सापडणार नाही. बाजूला उभ्या राहा, अंतर फारसं बदलत नाही. वाटीखालचा पेढा की बर्फी उघडतानाचा क्षण मात्र १८-५५ आणि फ्लॅशवर घ्या, तिथे ठिपका शोधायला वेळ नसतो.

घोडबंदरची_प्राची:
दुकानदार परत घेत नाही. काल रात्री आईला खुर्चीत बसवून शंभरेक फोटो काढले. पहिले चाळीस वाया, नंतर ठिपका कळायला लागला. आईच्या नथीचा मोती इतका स्वच्छ आलाय की ती स्वतःच दोनदा झूम करून बघत होती. बॅटरीची एक रेघही उतरली नाही.

नेरूळ_नवखा:
माझ्याकडे डी५६०० आहे. त्यातही मोटर नाही का?

जुना_रोलवाला:
नाही. डी७५०० ला आहे. लेन्स घेताना एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे आत मोटर असलेली, असं लिहिलेलं बघूनच पैसे द्या.