आज कोणाची पाळी? बेसबॉलच्या गोलंदाजांसाठी मराठी शब्द

माझे वडील सोलापूरला असतात. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण पहाटे साडेचारला उठायची सवय गेलेली नाही. इथे न्यूयॉर्कला संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सामना सुरू होतो तेव्हा त्यांच्याकडे पहाटेचे ४:३५ झालेले असतात. मागे एक अख्खा उन्हाळा ते आमच्याकडे न्यू जर्सीला राहिले आणि बेसबॉलच्या नादी लागले. परत गेल्यावरही चहा ठेवता ठेवता फोन करून पहिला प्रश्न हाच: "आज कुणाची पाळी हाय?"

त्यांच्यासाठी मी आदल्या रात्री चार ओळी लिहून पाठवतो. उद्या कोण कोणासमोर, काय होईल, कशावर लक्ष ठेवायचं. त्या चार ओळी मराठीत लिहिताना शब्दांपाशी अडखळायला होतं, म्हणून हा धागा.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी आधी थोडं. क्रिकेटच्या सामन्याआधी आपण खेळपट्टी, नाणेफेक, संघ यांवर बोलतो. बेसबॉलमध्ये पहिली ओळ दोन नावांची असते: या संघाकडून आज चेंडू कोण टाकणार आणि त्या संघाकडून कोण. मोसम सहा महिन्यांचा, प्रत्येक संघाचे १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज खेळ. फलंदाज बहुतेक तेच. रोज बदलतो तो एकटा सुरुवातीचा गोलंदाज. नव्वद-शंभर चेंडू जीव खाऊन फेकल्यावर खांदा आणि कोपर चार-पाच दिवस विश्रांती मागतात, म्हणून पाच जण ठेवतात आणि ते क्रमाने उतरतात. एकेकाच्या वाट्याला मोसमात तीसेक सामने येतात. त्यामुळे सोमवारचा संघ आणि मंगळवारचा संघ, कपडे तेच असले तरी, वेगळाच असतो. वडिलांचा प्रश्न नेमका त्यावर आहे.

"पिचर"ला गोलंदाज म्हणावं का, हा मला पहिला पेच होता. आता तो सुटला असं वाटतं. गोलंदाज हा मुळात तोफखान्यातला शब्द. फारसीतलं "अंदाज" म्हणजे फेकणारा, जसा तीर फेकणारा तीरंदाज, तसा गोळा फेकणारा गोलंदाज. मराठी फौजांमध्ये तोफ डागणाऱ्याला गोलंदाज म्हणत. क्रिकेटने तो उचलला, आणि त्याच वळणावर फलंदाज घडला. गंमत पाहा, क्रिकेटमध्ये चेंडू फेकणं हाच गुन्हा आहे; टाकताना कोपर सरळ झालं तर नोबॉल. बेसबॉलमध्ये मात्र तो खरोखर फेकतो. शब्दाच्या मूळ अर्थाला क्रिकेटपेक्षा बेसबॉलच जास्त जागतो. भरीस भर, तिथे गोलंदाज आणि त्याच्यासमोर उकिडवा बसणारा कॅचर यांच्या जोडीला "बॅटरी" म्हणतात, आणि बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी. म्हणून गोलंदाज हा शब्द मी उसना मानत नाही.

अडलंय ते पुढे. "स्टार्टर"ला काय म्हणायचं? दोन स्टार्टर समोरासमोर येतात त्या "मॅचअप"ला काय? आणि वर्तमानपत्रांत "प्रॉबेबल" म्हणून नावं छापतात, त्यांना?

*

प्रतिसाद: सरळ "सलामीचा गोलंदाज" म्हणा की. सलामीची जोडी, सलामीवीर, सगळं रुळलेलं आहे.

*

धागाकर्ता: मीही दोन वर्षं सलामीचाच लिहीत होतो. अडचण २०१८ पासूनची आहे. त्या वर्षी १९ मे रोजी टँपा बे रेज संघाने अ‍ॅनाहाइमला एंजल्सविरुद्ध सर्जिओ रोमोला पहिल्या डावासाठी उतरवलं (बेसबॉलच्या एका सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ छोटे डाव असतात). रोमो एरवी सामन्याच्या शेवटी येणारा. त्याने वरच्या फळीतले तगडे फलंदाज तेवढे काढून द्यायचे आणि मग लांब पल्ल्याचा गोलंदाज येणार, असा बेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. त्या भूमिकेला "ओपनर" नाव पडलं. म्हणजे सामना सुरू करतो तो ओपनर, पण ज्याला आपण स्टार्टर म्हणतो तो हा नव्हे. सलामी देऊन बाजूला होतो तो सलामीचा, ही आपल्या शब्दाची छटा त्या ओपनरला चपखल बसते. पाच-सहा डाव एकट्याने ओढायचे आहेत त्याला ती अपुरी पडते. विजय नावावर लागायलाही स्टार्टरला किमान पाच डाव टाकावे लागतात.

म्हणून मी वडिलांचाच शब्द घेतो: पाळी. रोटेशन म्हणजे पाळी, स्टार्टर म्हणजे पाळीचा गोलंदाज. देवळात पाळीचा पुजारी असतो, कालव्याला पाण्याची पाळी असते, गिरणीत पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. ठरलेल्या क्रमाने येणारं आणि आल्यावर पूर्ण निभवायचं काम, हे दोन्ही त्यात आहे.

*

प्रतिसाद: पाळीचा दुसरा अर्थ आजकाल आधी डोक्यात येतो, हे कोणीतरी म्हणणारच, म्हणून मीच म्हणते. मला अडचण वाटत नाही. रातपाळी म्हणताना कोणी थबकत नाही. "आज स्कूबलची पाळी" हे वाक्य तर घरात भांडी कोणी घासायची याच चालीचं आहे. वापरा बिनधास्त.

*

प्रतिसाद: दादा, मॅचअपला आमच्या कोल्हापूरकडे शब्द तयार आहे: जोड. मैदानाच्या आधी कुस्त्या नेमतात, त्याला नेमलेली कुस्ती म्हणतात. पोस्टरवर डावीकडे एका पैलवानाचा फोटो, उजवीकडे दुसऱ्याचा, खाली तालीम आणि वस्ताद. चौकात पोस्टर लागलं की लोक उभे राहून वाचतात आणि तिथेच चर्चा सुरू: जोड बरोबरीची आहे का, एखादा वजनात भारी पडतो का, गेल्या वेळी कोण चीत झाला होता. तुम्ही म्हणता ती दोन नावांची ओळ म्हणजे हे पोस्टरच आहे. "उद्याची जोड" म्हटलं की आमच्याकडचा माणूस पुढचं आपोआप समजेल. तोडीस तोड असेल तर काटाजोड. "लढत" नको, ती निवडणुकीच्या बातमीत वापरून वापरून गुळगुळीत झालीय.

*

धागाकर्ता: जोड मनापासून आवडला. दोन फोटोंची गोष्ट तर तंतोतंत. इथल्या यादीतही दोन चेहरे, हात डावा की उजवा, जिंकले-हरलेले सामने, आणि धावांची सरासरी.

पण एक गोष्ट मला सतत टोचते. कुस्तीत दोघं एकमेकांच्या अंगाला भिडतात. हे दोन गोलंदाज एकमेकांना कधीच भिडत नाहीत. दोघे एकाच मातीच्या उंचवट्यावरून चेंडू टाकतात, पण आळीपाळीने. एक वर चढतो तेव्हा दुसरा बाकावर बसलेला असतो. पूर्वी निदान इथल्या दोन लीगपैकी नॅशनल लीगमध्ये गोलंदाजाला फलंदाजीला यावं लागे, तेव्हा एक दुसऱ्याचा चेंडू खेळे. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये त्याच्या जागी नेमलेला फलंदाज खेळतो, म्हणजे तेही संपलं. खरा सामना असतो तो प्रत्येक गोलंदाजाचा समोरच्या संघाच्या नऊ फलंदाजांशी. डावखुरा गोलंदाज असेल तर समोरचा व्यवस्थापक डावखुरे फलंदाज बसवून उजवे आणतो. तेच नऊ जण तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना चेंडू दिसायला लागतो आणि गोलंदाजाची कसोटी लागते. पूर्वरंग लिहायचा तर तो यावर लिहायला हवा. मी वडिलांना "अमुक विरुद्ध तमुक" असं लिहिलं की ते विचारतात, "मग ह्यानं त्याला किती वेळा बाद केलं?" दोष त्यांचा नाही, "विरुद्ध" या शब्दाचा आहे.

*

प्रतिसाद: मग जुगलबंदी म्हणा! एकच मंच, एकच ताल, एकाने आवर्तन घ्यायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, मग दुसऱ्याने त्याच्या वर काहीतरी करायचं. हात एकमेकांना लागत नाही, तरी चढाओढ असते. मला १९६३ चा २ जुलै आठवतो, म्हणजे वाचलेला. सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. जायंट्सकडून २५ वर्षांचा हुआन मारिशाल, मिलवॉकी ब्रेव्ह्जकडून ४२ वर्षांचा डावखुरा वॉरेन स्पान. नऊ डाव झाले, ०-०. बारा झाले, तेरा झाले, दोघांपैकी एकही हटायला तयार नाही. सोळाव्या डावात जायंट्सच्या विली मेजने स्पानचा चेंडू कुंपणापार घालवला आणि सामना १-० असा संपला. मारिशालने २२७ चेंडू टाकले, स्पानने २०१. आज चेंडू शंभरीला आले की गोलंदाज बदलायला व्यवस्थापक उठून चालायला लागतो. एकाने शून्य लावलं की दुसऱ्यानेही लावायचं, असं दोघांनी पंधरा डाव एकमेकांना उत्तर दिलं. याला लढत म्हणवत नाही हो.

*

प्रतिसाद: सहमत, पण जुगलबंदी रंगली की नाही हे नंतर कळतं. आदल्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेवर लिहाल, आणि एक जण दुसऱ्याच डावात पाच धावा देऊन घरी. पूर्वरंगासाठी जोडच बरी.

*

प्रतिसाद: टोकियोहून लिहितो. "प्रॉबेबल"बद्दल. इथे त्याला "योकोकु सेनपात्सु" म्हणतात. योकोकु म्हणजे आगाऊ सूचना, सेनपात्सु म्हणजे आधी निघणारा. इथल्या दोन लीगपैकी पॅसिफिक लीगमध्ये १९९४ पासून सगळ्या सामन्यांना हे लागू झालं, सेंट्रल लीगने २०१२ मध्ये स्वीकारलं. त्याआधी गोलंदाज लपवून ठेवणं हाच डावपेचाचा भाग होता. अमेरिकेत "संभाव्य", इथे "घोषित", हा फरक मराठीत पाळायला हवा. तुमच्याकडे पाऊस पडला किंवा कोणाचा दंड आखडला की नाव बदलतं, म्हणून तिथे संभाव्यच योग्य.

दुसरं, जपानमध्ये सोमवारी सहसा खेळ नसतो आणि सहा गोलंदाज ठेवतात. त्यामुळे एकेकाचा वार ठरून जातो. शुक्रवारी तो म्हणजे तोच. माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. इथला गोलंदाज मला तसा वार लावलेला वाटतो. पाळी अमेरिकेला, वार जपानला.

*

धागाकर्ता: "वार लावलेला" मी वहीत लिहून ठेवला आहे.

आता आकड्यांचा एक शब्द माझ्याकडून. गोलंदाजाची सरासरी काढताना क्षेत्ररक्षकांच्या चुकीने गेलेल्या धावा वगळतात; उरलेल्यांना नऊने गुणून त्याने टाकलेल्या डावांनी भागतात. या उरलेल्या धावांना काहींनी "अर्जित धावा" लिहिलेलं पाहिलंय. अर्जित म्हटलं की काहीतरी कमावल्यासारखं वाटतं, आणि इथे तर गमावलेलं आहे. मी "पदरच्या धावा" म्हणतो. दुसऱ्याच्या चुकीच्या नव्हेत, याच्या स्वतःच्या पदरच्या. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जेकब डिग्रॉमने २१७ डाव टाकले, पदरच्या धावा ४१. सरासरी १.७०. तरी त्याच्या नावावर जिंकलेले सामने फक्त १० आणि हरलेले ९, कारण त्याच्या फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत. सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. म्हणून जोडीबद्दल लिहिताना मी जिंकले-हरले शेवटी लिहितो आणि पदरच्या धावा आधी. त्यातही मैदान पाहावं लागतं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर, हवा विरळ, चेंडू वळतो कमी आणि उडतो लांब. तिथे चांगल्या गोलंदाजाचाही पदर फाटतो.

*

प्रतिसाद: काका, या सगळ्या शब्दांत एक अख्खा पूर्वरंग लिहून दाखवा ना. जुन्या सामन्याचा चालेल.

*

धागाकर्ता: २ ऑक्टोबर १९६८ घेतो, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाअखेरच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना. आदल्या रात्री असतो तर वडिलांना हे पाठवलं असतं:

"उद्याची जोड काटाजोड. सेंट लुईसकडून पाळी बॉब गिब्सनची, उजवा. नऊ डावांमागे पदरच्या धावा १.१२, सामने २२ जिंकले, ९ हरले. डेट्रॉइटकडून डेनी मॅक्लेन, तोही उजवा. पदरच्या १.९६, आणि ३१ जिंकून फक्त ६ हरले. गिब्सन जास्त कंजूष, पण मॅक्लेनच्या पाठीशी फलंदाज जास्त. धावा फार होणार नाहीत. डेट्रॉइटचे फलंदाज गिब्सनच्या स्लायडरला (वेगात येऊन बाजूला वळणाऱ्या चेंडूला) बॅट लावतात का, ते बघा."

झालं असं की गिब्सनने १७ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे फटका न मारू देता बाद केलं, आणि सेंट लुईस ४-० ने जिंकलं. मॅक्लेन पाच डावांनंतर बाहेर. जोड तोडीची होती, जुगलबंदी झाली नाही. दोन्ही शब्द वेगळे ठेवावेत हे मला इथे पटलं. पुढे सातव्या सामन्यात गिब्सनला हरवलं ते मॅक्लेनने नाही, त्याच संघातल्या डावखुऱ्या मिकी लोलिचने. मालिकेतले तीन सामने त्याने एकट्याने जिंकून दिले. गोलंदाजांचा वरचष्मा त्या वर्षी इतका झाला की १९६९ पासून मातीचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला.

हा मजकूर मी काल रात्री वडिलांनाही पाठवला. पहाटे त्यांचा निरोप आला: "आन् बदली कोण?"

रिलीव्हरसाठी, म्हणजे पाळीचा गोलंदाज थांबल्यावर येणाऱ्यासाठी, मी महिनाभर शब्द शोधत होतो. गिरणीत कायम कामगार असे आणि बदली कामगार असे. बदलीवाला रोज पाळीच्या वेळी फाटकाशी येऊन उभा राहायचा. कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. वडिलांनी पहिली काही वर्षं तशी काढली. बुलपेनच्या, म्हणजे रिलीव्हर थांबतात त्या जागेच्या, बाकावर बसलेले गोलंदाज पाहून त्यांना ते फाटक आठवलं असावं. आज रात्रीपासून मी खाली एक ओळ वाढवणार आहे: पाळी कोणाची, आणि बदली कोण कोण.