आयपॉड जिंकला म्हणे! कुठे जिंकला ते सांगा

पागनीसपागेकर
काल दुसऱ्या धाग्यावर मुळाकाठ यांनी निकाल देऊन टाकला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आयपॉड जिंकला कारण तो सगळ्यांत चांगला होता, सोनी आणि क्रिएटिव्हला ग्राहक कळलाच नाही, आणि भारतातही ज्याला गाण्याची समज होती त्याने आयपॉडच घेतला. पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, दुसरं पाऊण. तिसऱ्यासाठी हा वेगळा धागा काढतोय.

आधी क्रम पाहा. 1998 मध्ये कोरियाच्या सेहानचा एमपीमॅन हा खिशातला एमपीथ्री प्लेअर आला, त्याच वर्षी डायमंडचा रिओ. 32 एमबी, म्हणजे जेमतेम अर्धा तास गाणी. रिओवर अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला, 1999 मध्ये कंपन्या हरल्या. तो निकाल उलटा लागला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, आयपॉडसुद्धा नाही. 2000 साली क्रिएटिव्हचा नोमॅड ज्यूकबॉक्स 6 जीबीचा होता. ऑक्टोबर 2001 मध्ये आलेला पहिला आयपॉड 5 जीबीचा. कल्पना ॲपलची नव्हतीच. ॲपलच्या हाती लागली ती तोशिबाची 1.8 इंची डिस्क. तोशिबाने ती बनवली होती, पण तिचं करायचं काय हे त्यांनाच उमगत नव्हतं. पुढे 2005 मध्ये फ्लॅश मेमरी बनवणाऱ्या पाच कंपन्यांना ॲपलने मिळून सव्वाशे कोटी डॉलर आगाऊ मोजले. बाकीचे मग उरल्यासुरल्या मालावर. याला चांगली वस्तू म्हणा, मी गोदाम म्हणतो.

आणि आमचं इंदूर? पहिला आयपॉड फक्त मॅकला जोडता यायचा. इथे मॅक होता कोणाकडे? छापखानेवाल्यांकडे. विंडोजवर आयट्यून्स, म्हणजे आयपॉडात गाणी भरायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, आलं ऑक्टोबर 2003 मध्ये. आयट्यून्सच्या ज्या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानामुळे आयपॉडची सरशी झाली ते भारतात उघडलं 2012 च्या डिसेंबरात, वरात निघून गेल्यावर. ज्या महिन्यात आयपॉड आला त्याच महिन्यात इंदूरला रेडिओ मिर्ची सुरू झालं होतं आणि गाव एफएमवेडं झालं होतं. आयपॉडमध्ये एफएम कधी आलं? 2009 च्या आयपॉड नॅनोत. आमच्या चायनीज प्लेअरात ते पहिल्यापासून होतं.

मुळाकाठ
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभार. गोदामाची गोष्ट मान्य, पण गोदाम भरायलाही आधी गिऱ्हाईक लागतं. ते आयपॉडवरच्या त्या चाकामुळे आलं. हजार गाण्यांतून हवं ते अंगठ्याने दोन क्षणांत निघत होतं. तुमच्या चायनीज प्लेअरवर 'पुढे'चं बटण दाबून दाबून अंगठ्याला घट्टा पडायचा. आणि क्रिएटिव्ह काय करत होती? झेन, झेन टच, झेन मायक्रो, झेन नॅनो, मुव्हो. दुकानदारालाही कोणता कोणता ते सांगता यायचं नाही. शेवटी मेनूच्या पेटंटवरून ॲपलला कोर्टात खेचलं आणि 2006 मध्ये दहा कोटी डॉलर घेऊन घरी गेले. यंत्रांपेक्षा खटल्यात जास्त कमावलं म्हणायचं.

सोनीबद्दल तर बोलायलाच नको. 1979 मध्ये वॉकमन काढणारी कंपनी, पण घरातच रेकॉर्ड कंपनी असल्यामुळे हात बांधलेले. 2004 मध्ये 20 जीबीचा प्लेअर काढला आणि तो एमपीथ्री थेट वाजवायचा नाही, आधी ॲट्रॅक या सोनीच्या स्वतःच्या फॉरमॅटात करून घ्या! याला ग्राहक न कळणं नाही म्हणायचं तर काय?

कुलूपकिल्ली
कंपन्या गाण्यांना लावतात त्या कुलपांचा विषय निघालाच आहे तर मायक्रोसॉफ्टला का सोडता? 2004 मध्ये 'प्लेज फॉर शुअर'चा शिक्का काढला. सगळ्या कंपन्यांनी आमच्या पद्धतीने बनवा, गाणी नक्की वाजतील. सगळे बिचारे त्यामागे गेले. 2006 मध्ये स्वतःचा झून प्लेअर काढला आणि त्यावर तीच गाणी वाजेनात! मित्राने झूनवर पाठवलेलं गाणं तीन दिवसांत तीनदा ऐकायचं, मग गायब. पैसे देऊन घेतलेली माझी गाणीसुद्धा अशीच एका कंपनीच्या कुलपात गेली. नाव घेत नाही, पण तेव्हापासून विकत घेणं या शब्दावरचा विश्वास उडाला.

जेलरोडवाला
अरे भिया, तुम्ही सगळे अमेरिकेची मॅच इंदुरात बसून खेळताय. इथे ना ॲपल जिंकला ना क्रिएटिव्ह. जिंकलं मेमरी कार्ड.

माझ्या मेव्हण्याचं जेल रोडला काउंटर होतं, मोबाईलच्या दुकानाबाहेर, पायरीवर. एक कॉम्प्युटर, एक कार्ड रीडर, आणि डेस्कटॉपवर फोल्डर: नवे, जुने, दर्दभरे, भजन, डीजे, मराठी. आसपासच्या सांवेर-देपालपूरहून माणूस यायचा, शर्टाच्या खिशातून फोन काढायचा, बॅटरी काढून तिच्याखालचं कार्ड नखाने उचकटून हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "जुने भर दो, पर रोने वाले नहीं." सोनी एरिक्सनचा वॉकमन फोन आला 2005 मध्ये, मग नोकियाचे एक्सप्रेसम्युझिक. फोनात गाणी, एफएम, कॅमेरा सगळं. वेगळा प्लेअर कोण घेणार? तुमची कंपन्यांची लढाई चालू होती तेव्हा रणांगणच दुसरीकडे सरकलं होतं.

'मराठी' फोल्डरची एक गंमत. फायलीला देवनागरीत नाव दिलं की स्वस्त प्लेअरवर नुसते चौकोन दिसायचे. म्हणून मेव्हणा इंग्रजी अक्षरांत लिहायचा, आणि त्याचं स्पेलिंग असं की अभंग कोणता आणि लावणी कोणती हे वाजल्यावरच कळायचं.

मुळाकाठ
म्हणजे चोरी. सरळ म्हणा ना.

जेलरोडवाला
चोरी म्हणा. पण आधी सांगा, 2006 मध्ये इंदुरात भावगीतांची सीडी कुठे मिळत होती? दुकानात विचारलं तर "मराठी? भजन चलेगा?" पुण्याहून कोणी येणार असलं की यादी द्यायची, आणि तो आणायचा बाकरवडी. तुम्हाला पुण्यात हाकेवर दुकान होतं, म्हणून नीतिमत्ता परवडली.

तानपुरा
तुम्ही सगळे गाणी भरता, शोधता, विकता, चोरता. ऐकतं कोण?

खयालाच्या सीडीवर विलंबित एक ट्रॅक, द्रुत दुसरा. मूळ मैफलीत मध्ये श्वासभर जागा नाही. एमपीथ्री केलं की नेमकं तिथे खळ्ळ. कारण साधं आहे: ही पद्धत आवाज 1152 सॅम्पलच्या तुकड्यांत बांधते, शेवटचा तुकडा भरला नाही तर शांतता घालून भरते, आणि सुरुवातीलाही थोडं कोरं सोडते. समेवर यावं आणि कोणीतरी दिवा घालवावा तसं होतं. 2003 चा रिओ कर्मा ते सांधून वाजवायचा. रिओचं दुकान 2005 मध्ये बंद झालं. ॲपलला हे सुचायला 2006 चा सप्टेंबर उजाडला, म्हणजे मुळाकाठांचा सर्वोत्तम प्लेअर पाच वर्षं मैफल तोडत होता. आणि हे खयालगायक आमीर खांसाहेबांच्या गावातल्या, इंदूरच्या धाग्यावर कोणाच्या गावीही नाही.

पागनीसपागेकर
बुवा, मुद्दा बरोबर. पण तुमच्या कॅसेटचं काय? तीस मिनिटं झाली की उठून बाजू बदलायचात. तेव्हा समाधी मोडत नव्हती?

तानपुरा
बाजू मी बदलायचो, माझ्या हाताने, बंदिश संपल्यावर. माझ्या वडिलांनी मालवा हाऊसचं, म्हणजे इंदूर आकाशवाणीचं, प्रसारण रेडिओवरून रेकॉर्ड करताना घड्याळ समोर ठेवलेलं असायचं, आलाप कुठे थांबेल याचा अंदाज घेत. तुमचं यंत्र मला न विचारता थांबतं. फरक कळत नसेल तर तुम्ही मिर्चीच ऐका.

कुलूपकिल्ली
वडिलांनी रेडिओवरून उतरवलं ते रेकॉर्डिंग आणि मेव्हण्याने कार्डात भरली ती चोरी! शास्त्रीय असलं की पाप लागत नाही वाटतं.

तानपुरा
ते घरात ऐकायला होतं, पायरीवर विकायला नाही. आणि वडिलांना यात ओढू नका.

जेलरोडवाला
पायरीवर विकलं म्हणून मेव्हण्याच्या घरात चूल पेटली. तुमच्या वडिलांचा आदर आहे, पण समेच्या नावाने आमची जात काढू नका.

मुळाकाठ
जात कोणी काढली? इंदूरकरांना बोट दाखवलं की वाघ दिसतो. आणि त्या 128 केबीपीएसला दाबून लहान केलेल्या गाण्यांत तानपुरा ऐकू येतो हाच मुळात भ्रम. वरचे स्वर अर्धे गेलेले असतात. खंडाचं सोडा, आधी आवाज तरी राहू द्या.

तानपुरा
आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी सहमत होतोय. कुठे लिहून ठेवू?

स्नेहलतागंज
संपादकांनी धागा बंद करायच्या आत एक विचारते. माझ्याकडे 2005 च्या पाचव्या पिढीचा आयपॉड आहे, नवऱ्याने कोणाकडून तरी आणलेला. डिस्क कुरकुरते, बॅटरी मान टाकते. फेकायचा का?

तानपुरा
अजिबात नाही. मागचं झाकण जपून उघडा, रिबन नाजूक असते. डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्डाचा अडॅप्टर बसतो. आवाज बंद, वजन कमी, बॅटरी जास्त टिकते. मग त्यावर रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाका. आयट्यून्सची गरज राहत नाही, आणि ट्रॅकमध्ये खंड पडत नाही.

पागनीसपागेकर
म्हणजे शेवटी आयपॉडच्या पोटातही मेमरी कार्डच! मुळाकाठ, वाचताय ना?

मुळाकाठ
वाचतोय. घ्या, कार्ड जिंकलं, इंदूर जिंकलं, पोहे पण तुमचेच चांगले. 2022 मध्ये आयपॉड बंद झाला तेव्हा तुम्हाला एवढा आनंद झाला असेल असं वाटलं नव्हतं. पण डबा कोणाचा ठेवलात ते बघा. चाक कोणाचं आहे?

स्नेहलतागंज
अहो, पण हे इंदुरात करून कोण देईल? मला रिबन-बिबन जमायचं नाही.

जेलरोडवाला
ताई, मेव्हण्याचं काउंटर आता मोबाईल दुरुस्तीचं आहे. घेऊन या, बॅटरीसकट करून देईल, भाव मात्र आधीच ठरवा, माझं नाव सांगून काही कमी करणार नाही. आणि गाणी घरून आणा. भरून दिली तर पुण्याहून पोलीस येतील.