सायक्लॅमेनची पानं पिवळी पडताहेत, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कंद जगवायचा कसा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

भाचीने थंडीत सायक्लॅमेनची कुंडी आणून दिली. गुलाबी फुलं, पाकळ्या मागे उलटलेल्या, पानांवर चंदेरी नक्षी. जानेवारीत इथे धुकं पडलं की आम्ही दुपारीसुद्धा स्वेटर काढत नाही, हिला मात्र तीच हवा मानवली. उत्तरेच्या खिडकीत नुसती बहरली होती. आता मार्च लागला, दुपारचा पारा तिशीला टेकला आणि एकेक पान पिवळं पडून कुंडीच्या काठावर लोळतंय. नवी कळी नाही.

पाणी वरून घालत नाही. थाळीत ओतते, अर्ध्या तासाने उरलेलं फेकते. कंद अर्धा मातीच्या वर आहे. दाबून पाहिला, बटाट्यासारखा टणक लागतो, वास नाही. करडी बुरशीही कुठे दिसत नाही.

सासूबाईंचं मत, झाड तहानलंय, रोज तांब्याभर पाणी घाल. नर्सरीवाला म्हणाला, "सीज़न का पौधा है, फेंक दीजिए." मला दोन्ही पटत नाही. हे झाड मूळचं तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनकडचं. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणून उन्हाळ्यात पानं टाकून कंद झोपतो. पण आपल्याकडे आधी पंचेचाळीसची लू, आणि मग ऐन झोपेत पावसाळा! त्याचं काय करायचं?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर आहे. खाली दगडी तळघर, मे महिन्यातही गार, पण पाऊस सुरू झाला की भिंतींना ओल येते. वरच्या खोलीत कूलर, म्हणजे गारवा आहे पण दमट. कुंडी ठेवू कुठे? शिवाय घरात मांजर आहे आणि कंद मांजरांना विषारी असतो. (एसीत ठेवा म्हणू नका, एसी नाही.)

प्रतिसाद, वडोदऱ्याहून:
ताई, कंद टणक आहे तोवर घाबरू नका, झोपायचीच तयारी आहे. मऊ पडला असता तर कुजला म्हटलं असतं. पाणी एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. पिवळं पान देठाला पीळ देऊन मुळापासून काढा. अर्धवट देठ राहिला तर तिथूनच कूज सुरू होते. सगळी पानं गेली की कुंडी जूनपर्यंत तळघरात ठेवा. माती अगदी भुकटी झाली तरच काठाने चमचा-दोन चमचे पाणी. पाऊस लागला की वर आणा, पण कूलरच्या खोलीत नको. सावलीची, वारा खेळणारी, पागोळ्यांपासून लांबची जागा बघा. खत आत्ता बिलकूल नाही. रात्री गार व्हायला लागल्या आणि कोंब दिसला की ताजी, पाणी न धरणारी माती भरा, कंदाचा माथा वर ठेवा आणि मग पाणी सुरू करा. पहिल्या वर्षाइतकी फुलं येतीलच असं नाही, हेही सांगून ठेवतो. मांजरासाठी कुंडीवर जाळी बांधा, तळघरात उंदरांचाही प्रश्न सुटेल.

धागाकर्ती:
आभारी आहे दादा. जाळी आजच बांधते. एक राहिलं: कुंडी प्लास्टिकची आहे. आत्ताच मातीच्या कुंडीत हलवू, की कोंब येईपर्यंत थांबू?